दोन हजारांचा चाकू घ्यावा का?

आज चाकूविषयी बोलायचं आहे. स्वयंपाकघरातली सुरी नव्हे, विळीही नव्हे, तर घडी करून जवळ बाळगायचा चाकू. विषय ऐकून काही जणी हसल्या असतील. आमच्या गटाच्या बैठकीतही हसूच पिकलं होतं. एका मावशींनी अंतर्गत कर्जाचा अर्ज दिला आणि कारण लिहिलं, 'चाकू, २२०० रुपये'. शेळीसाठी कर्ज देतो, शिलाई मशीनसाठी देतो, मुलांच्या फीसाठी देतो. पण चाकूसाठी? कोरेगावच्या बाजारात शंभर-दीडशेला मिळतो की!

मावशी म्हणाल्या, "शंभराचाच होता," आणि उजव्या हाताची तर्जनी पुढं केली. ठिबकच्या नळीला चाकूच्या टोकानं भोक पाडायला गेल्या, तर चाकू बोटावर मिटला. चार टाके पडले, धनुर्वाताचं इंजेक्शन झालं, आणि पंधरा दिवस खुरपणीला जाता आलं नाही. दिवसाची हजेरी तीनशे धरली तरी साडेचार हजार बुडाले, दवाखाना वेगळाच. मग बैठकीत कुणी हसलं नाही. ठरलं असं, की आधी चाकू कसा पारखायचा ते सगळ्याजणींनी नीट समजून घ्यायचं, मग कर्जाचं बघू. दोन महिने आम्ही मिळेल तो चाकू हातात घेऊन बघितला. कुणाच्या दिराचा, कुणाच्या मुलानं ऑनलाइन मागवलेला, साताऱ्याच्या दुकानातला, मुंबईहून आलेल्या पाहुण्यांचा. त्यातनं जे कळलं ते तुम्हाला सांगतो.

आधी एक गोष्ट ध्यानात घ्या. घडीचा चाकू म्हणजे मधे सांधा असलेलं हत्यार, आणि सांधा म्हणजे कच्ची जागा. विळा, खुरपं, कोयता यांना सांधा नाही म्हणून ती मिटत नाहीत. त्यामुळं महागातला चाकू बघताना सगळे धार बघतात, चमक बघतात, पण बघायचा तो सांधा. धार काय, पाच मिनिटांत लावता येते. ढिला सांधा घरी दुरुस्त होत नाही.

चाकू मिटतो कधी? खाली धार ठेवून आपण कापतो तेव्हा जोर पात्याला उघडंच ठेवतो. सुतळी कापा, कांदा कापा, काही होत नाही. पण टोक खुपसलं, किंवा पातं कशात रुतलं आणि ओढून काढायला गेलं, की जोर उलटा बसतो आणि पातं मुठीकडं वळतं. तिथं आपली बोटं असतात. मावशींचं नेमकं हेच झालं.

हे टाळायला चाकूवाल्यांनी वेगवेगळ्या युक्त्या काढल्यात. सगळ्यात जुनी म्हणजे पाठीला ताणाची पट्टी. पातं उघडलं की पट्टी त्याला दाबून धरते, पण कुलूप नसतं, जोर दिला की मिटतं. स्वित्झर्लंडचा लाल मुठीचा चाकू सगळ्यांनी पाहिलाय, त्याच्या नेहमीच्या लहान नमुन्यांत हीच पट्टी असते. वाईट नाही, फक्त त्यानं भोकं पाडायची नाहीत. त्यासाठी त्यात वेगळा टोच्या दिलेला असतो. न्हाव्याचा जुना वस्तरा आठवा. त्याला तर पट्टीही नसते, तरी न्हावी आयुष्यभर वापरतो, कारण त्यात काय नाही हे त्याला माहीत असतं.

दुसरा प्रकार पाठीवरच्या खटक्याचा. उघडल्यावर टक् आवाज येतो, आणि मिटायचं तर मुठीच्या पाठीवर अंगठ्यानं दाबावं लागतं. तिसऱ्यात मुठीच्या आतली पातळ पट्टी सरकून पात्याच्या बुडाशी येऊन बसते. हा प्रकार हल्ली फार दिसतो, कारण एका हातानं उघडतो आणि मिटतो. पण मिटताना अंगठा पात्याच्या वाटेत येतो, म्हणून सवय होईपर्यंत जपून. चौथा आम्हाला सगळ्यात साधा वाटला, फ्रान्समधल्या ओपिनेल चाकूचा. सांध्याभोवती एक लोखंडी कडं असतं. उघडलं की कडं फिरवायचं, पातं जागच्या जागी बंद. बाटलीचं झाकण फिरवल्यासारखं. जोसेफ ओपिनेल यांनी हा चाकू १८९० मध्ये सवॉय या डोंगरी भागात काढला. तिथले शेतकरी आणि गुराखी तो वापरत. कडं मात्र १९५५ मध्ये आलं. म्हणजे पासष्ट वर्षं तिथल्या लोकांची बोटंही मावशींसारखी कापत असणार!

आता पारख. दुकानात चाकू पूर्ण उघडा. मूठ एका हातात, पात्याची बोथट पाठ दुसऱ्या हाताच्या चिमटीत धरून डावीकडं-उजवीकडं हलवा. पातं डुगडुगलं तर ठेवून द्या, दुकानदार काहीही म्हणो. मग वर-खाली हलवून बघा. खटका बसल्यावर जराही हालचाल नको. मग बोटं पात्याच्या वाटेतनं बाजूला ठेवून, मूठ बाजूनं धरून, पात्याची पाठ लाकडी फळीवर हलकेच आपटा. हलकेच बरं का, खिळा ठोकल्यासारखं नाही. खटका सुटला तर तो चाकू फुकटही नको. शेवटी चाकू मिटून पातं मुठीच्या बरोबर मधोमध बसतंय का ते बघा. एका बाजूला घासत असेल तर रोज धार बोथट होणार.

ऑनलाइन मागवला तर हेच सगळं घरी, परत पाठवायची मुदत संपायच्या आत करायचं. त्याआधी त्यानं काहीही कापू नका.

आता पोलादाकडं येऊ. या जागी दुकानदार आणि मोबाइलवरचे व्हिडिओवाले आपल्याला सगळ्यात जास्त गोंधळात टाकतात.

लोहार पात्याला पाणी देतो हे आपण लहानपणापासून बघतो. लाल करतो, पाण्यात किंवा तेलात बुडवतो, चर्र आवाज येतो. त्यानं पोलाद काचेसारखं कडक होतं आणि काचेसारखंच ठिसूळही. म्हणून परत थोडं तापवून त्याची ठिसुळी काढायची. या दोन पायऱ्या जमल्या तर साध्या पोलादाचंही पातं उत्तम होतं. त्या फसल्या तर महागडं पोलादही वाया. कारखान्यात हेच काम तापमान मोजून करतात आणि कडकपणा 'रॉकवेल' नावाच्या मापात सांगतात. आकडा ५६ च्या आसपास असेल तर धार मध्यम टिकते आणि सहज परत लागते. ६० च्या पुढं गेला की धार खूप टिकते, पण गेली की साध्या दगडावर लावताना घाम फुटतो, आणि कडक पात्याचा टवका उडायची भीती जास्त.

आम्हाला इथं एक मत सांगायचंय. पाच आकडी किमतीच्या चाकवांत जे अतिकडक पोलाद असतं, ते आपल्या कामाचं नाही. खताच्या पोत्याची शिवण, आल्याच्या बेण्याचा सडका भाग, ठिबकची नळी, बी-बटाट्याच्या फोडी, दुपारी बांधावर बसून कैरी. या कामात पात्याला माती लागते, वाळूचा कण लागतो. कसलंही पोलाद असो, धार जाणारच. मग जी परत लावता येते तीच आपली धार.

स्टेनलेस की साधं, हाही प्रश्न येतो. साध्या पोलादाचं पातं गंजतं, कैरी-लिंबू कापलं की काळं पडतं. आपल्या जुन्या विळीचं पातं चिंचेनं काळं पडतं तसंच. पण त्याला धार पटकन लागते. स्टेनलेस म्हणजे पोलादात क्रोमियम, निदान साडेदहा टक्के, आणि चाकूच्या पात्यात सहसा त्याहून जास्त. इंग्लंडमधल्या शेफिल्ड गावात हॅरी ब्रेअर्ली यांनी १९१३ मध्ये असं पोलाद बनवलं. ते शोधत होते बंदुकीच्या नळीसाठी न झिजणारं पोलाद, आणि फायदा झाला जगभरच्या सुऱ्यांचा. जी लाल चाकूची स्विस कंपनी मघाशी सांगितली, तिचं नाव व्हिक्टोरिनॉक्स. कार्ल एल्सनर यांनी १८८४ मध्ये ती सुरू केली. आई वारल्यावर १९०९ मध्ये तिच्या व्हिक्टोरिया या नावावरनं चाकवांना नाव दिलं, आणि पुढं १९२१ मध्ये त्याला 'इनॉक्स' म्हणजे न गंजणारं पोलाद जोडलं. आईचं नाव कारखान्यावर! आपल्याकडं सातबाऱ्यावर बाईचं नाव लावून घ्यायला किती फेऱ्या माराव्या लागतात ते तुम्हाला माहीतच आहे.

असो. पावसाळ्यात ओल्या हातानं काम करायचं, चाकू पुसायला वेळ मिळत नाही, तर सरळ स्टेनलेस घ्या. रोज पुसून तेलाचा थेंब लावायची सवय असेल तर साधं पोलाद घ्या.

एक पारख चुंबकाची. पर्सच्या झाकणाला लहान चुंबक असतं, ते पात्याला लावा. 'स्टेनलेसला चुंबक चिकटत नाही' असं आपण भांड्यांच्या बाबतीत ऐकतो. पण पाणी देऊन कडक करता येतं ते स्टेनलेस वेगळं, त्याला चुंबक चिकटतं. चिकटलंच नाही तर ते बहुतेक भांड्याच्या जातीचं मऊ स्टील, त्याची धार आठवडाभर टिकणार नाही. चिकटलं म्हणजे चाकू चांगलाच असंही नाही, एवढंच की पुढं बघायला हरकत नाही.

आणि पात्यावरच्या नागमोडी रेषांना भुलू नका. त्याला 'दमास्कस' म्हणतात आणि दुप्पट किंमत लावतात. दोन जातींच्या पोलादाचे थर एकमेकांवर ठोकून खरोखर तसं पातं करतात, पण स्वस्तातल्या चाकवांवर बहुतेकदा नुसती नक्षी कोरलेली असते. गंमत अशी, की ज्या दमास्कसच्या तलवारींचा जुन्या काळी एवढा बोलबाला होता, त्यांच्यासाठी मुशीत वितळवलेलं पोलाद आपल्या दख्खनमधनंही जायचं.

मुठीबद्दल मात्र व्हिडिओत कुणी बोलत नाही, कारण बोलणारे सगळे पुरुष. आमच्या गटात बारा जणींनी तेच पाच चाकू धरून बघितले. दोन चाकू असे निघाले की खटका दाबायला अंगठा पोचतच नव्हता, मूठ हातात फिरवून घ्यावी लागत होती. उघडं पातं हातात असताना मूठ फिरवणं म्हणजे अपघाताला बोलावणं. म्हणून धरल्या जागेवरनं, पकड न बदलता, एका अंगठ्यानं खटका सुटला पाहिजे. तो तुमच्या अंगठ्यानं, दुकानदाराच्या नव्हे. काही खटके इतके ताठ असतात की नखानं उघडायला जावं तर नखच तुटतं. हात ओले करून परत धरून बघा. गुळगुळीत धातूची मूठ दिसायला देखणी, पण घामानं निसटते. लाकडाची किंवा खरबरीत प्लास्टिकची मूठ बरी. लाकडी मुठीचा एक दोष सांगायला हवा. पावसात लाकूड फुगतं आणि पातं मुठीत अडकून बसतं. ओढून काढायच्या नादात लागू शकतं. कोरडी करून ठेवली तर त्रास नाही.

बोटं पुढं सरकून धारेवर जाऊ नयेत म्हणून मूठ आणि पातं मिळतात तिथं थोडा उठाव किंवा खाच असावी. पातं सात ते साडेआठ सेंटिमीटर पुरतं. त्याहून मोठं हवं असेल तर घरची सुरी न्यावी.

आता 'खिशातला चाकू' या नावाचंच बघा. साडीला खिसा कुठं असतो? मुठीवर जी लोखंडी चिप असते ती पँटच्या खिशाला अडकवायची. आम्ही ती परकराच्या नाडीला लावून बघितली, वाकल्यावर पोटाला टोचते. पदराला बांधायचा नाही, खांद्यावरनं पदर घसरला की चाकू चुलीत नाहीतर विहिरीत. आमच्यातल्या एकीनं जुन्या जीन्सच्या कापडाची, चंचीसारखी, कमरेला बांधायची पिशवी शिवली. आत दोन कप्पे, एकात मोबाइल, एकात चाकू. आता ती अशा पिशव्या शिवून विकते. गळ्यात दोरीनं लटकवू नका. मशीन चालू असतं, गुरं असतात, दोरी कशात गुंतेल सांगता येत नाही. घरी लहान मुलं असतील तर आल्या आल्या चाकू वर ठेवायचा. मुलांना त्याची उघडझाप फार आवडते.

पैशाचा हिशेब आम्ही फळ्यावर मांडला. मावशींकडं वर्षाला शंभर-सव्वाशेचे तीन चाकू लागायचे. कधी खिळा ढिला व्हायचा, कधी पातं वाकायचं. पाच वर्षांत दीड हजार जायचेच, आणि एकदा बोट कापलं तर ते साडेचार हजार वेगळे. उलट बाजू अशी, की महागडा चाकू हरवतो. शेतात पडला की गेला. रोज हातात चाकू लागत नसेल, आठवड्यातनं दोनदा सुतळी कापायची असेल, तर दोन हजार घालू नका. लहानसा ताणाच्या पट्टीचा चाकू पुरे. ज्या बाईला दिवसातनं दहा वेळा लागतो आणि ज्यानं टोकाचंही काम करायचंय, तिनं खटक्याचा, दीड-दोन हजारांपर्यंतचा घ्यावा. त्याच्या वरचे पैसे बहुतांशी शोभेचे. मावशींचं कर्ज आम्ही मंजूर केलं, चार हप्ते. कारणाच्या रकान्यात सचिवांनी 'शेती अवजार' असं लिहिलं. ते बरोबरच होतं.

त्यांनी कड्याचा चाकू घेतला, स्टेनलेस. आणखी दोघींनी आपल्या पैशानं घेतला. एकीनं बघून-बघून शेवटी काहीच घेतलं नाही. तिचं म्हणणं, "माझा विळा बरा." तिचंही चुकलं नाही.

चाकू घेतला की धारेचा दगडही घ्या, नाहीतर सहा महिन्यांत तोही शंभराच्या चाकूसारखाच. सायकलच्या चाकावर धार लावणाऱ्याकडं चांगला चाकू देऊ नका. वेगानं फिरणाऱ्या कोरड्या दगडावर पातळ पात्याची कड तापते, निळसर डाग पडतो, म्हणजे तिथलं पाणी उतरलं. मग ती जागा कितीही घासा, धार टिकत नाही.

घरी लावायची तर १००० नंबरचा दगड पाण्यात भिजवून ओल्या फडक्यावर ठेवा, म्हणजे सरकत नाही. कोन कसा धरायचा? कागदाचा काटकोन कोपरा घ्या. एकदा तिरका दुमडला की पंचेचाळीस अंश. अजून एकदा दुमडला की साधारण बावीस. तो दुमडलेला कोपरा दगडावर उभा करा आणि पात्याची पाठ तेवढीच उचला. एका बाजूनं दहा वेळा, दुसऱ्या बाजूनं दहा वेळा, जोर न लावता. एका बाजूनं घासलं की दुसऱ्या बाजूला कडेवर बारीक खरखर लागते. बोट पाठीकडनं धारेकडं नेऊन तपासा, धारेवरनं लांबीत कधीच नाही. दोन्ही बाजूंना खरखर येऊन गेली की जुन्या चामडी पट्ट्यावर पाठीच्या दिशेनं पाच-सहा वेळा ओढा, न्हावी वस्तरा ओढतो तसा. तपासायला पिकलेला टोमॅटो घ्या. न दाबता साल कापली गेली तर झालं. अंगठ्यावर तपासायची मर्दुमकी नको.

सांध्यात माती गेली तर कोमट पाण्यानं धुवून, उघडाच ठेवून वाळवा, मग शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब. खाद्यतेल घालू नका, ते चिकट होतं. आणि बी-बटाटा किंवा उसाचं बेणं कापत असाल तर मधे मधे पातं जंतुनाशकानं पुसा. रोगट बेण्याचा रोग पात्यावरनंच पुढच्या बेण्यात जातो.

शेवटी कायद्याचं, कारण बैठकीत दोघींनी विचारलं होतं, की पोलिसांनी पकडलं तर? शस्त्र कायद्याच्या नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची हत्यारं येतात, आणि त्यातूनही घरगुती व शेतीच्या वापरासाठी बनवलेली वगळली आहेत. आपला साडेतीन इंची चाकू त्यात बसत नाही. तरी बटण दाबल्याबरोबर फटकन उघडणारा, सिनेमातल्या रामपुरीसारखा चाकू घेऊ नका. तो कामाचा नाही आणि उगाच चौकशी मागं लागते. निवडणूक किंवा सण-मिरवणुकीच्या काळात महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली जिल्ह्यात बंदी आदेश निघतात. त्यात हत्यारं जवळ बाळगायलाही मनाई असते. अशा दिवसांत तालुक्याला जाताना चाकू घरी ठेवा. विमानानं कुणी लेकीकडं निघाली असेल तर तो हातातल्या पिशवीत चालत नाही, सोडून द्यायच्या सामानात ठेवावा लागतो. एसटीत मिटून, पिशवीच्या तळाशी.